आरेवारे, समुद्र वगळून

मे महिन्यातला रविवार, सकाळचे दहा. लॅपटॉपच्या डिस्कवर शिल्लक जागा तीन जीबी. हजर तिघं: मी, आमचे यजमान, आणि ती जागा तीनवर आणून ठेवणारे माझे धाकटे दीर. सोमवारी सकाळच्या गाडीने त्यांना जहाजावर रुजू व्हायला निघायचं होतं. म्हणजे हातात एक दिवस होता, आणि त्या दिवसात नव्वद जीबी मोकळे करायचे होते.

भाऊजींची ओळख करून द्यायची तर त्यांच्या वेगापासून करावी लागेल. लॅपटॉपवर ते ताशी तीनशेच्या खाली गाडी चालवत नसत. आमच्या स्कूटरवर मात्र तीसच्या वर काटा गेलेला मी पाहिला नाही. वळणाच्या बऱ्याच आधी हात बाहेर काढून इशारा द्यायचे. समोरून म्हैस येत असली तरी द्यायचे. शिरगावात त्यांना ओलांडून सायकली पुढे जात. यजमान म्हणायचे, "मेल्या, तुझ्यापेक्षा तुझी सावली पुढे पोचते." त्यावर भाऊजींचं उत्तर ठरलेलं असे, "दादा, तिकडे आपटलो तर बटण दाबून परत सुरू करता येतं."

ते जहाजाच्या इंजिनरूममध्ये ऑइलर होते. यंत्रांचं तेलपाणी बघायचं, आवाजावर कान ठेवायचा, चार तासांचा वॉच, म्हणजे पाळी, संपली की आठ तास सुट्टी. असे सात-आठ महिने समुद्रात काढून दोन-तीन महिने आमच्याकडे. आता ते आखातातल्या एका बंदरात जहाजदुरुस्तीच्या कामावर आहेत, बायको-मुलीसह तिथेच राहतात, आणि गणपतीला चार दिवस येऊन जातात. मी सांगते आहे ते त्यांच्या लग्नाआधीच्या शेवटच्या सुट्टीतलं.

जहाजावर सुट्टीच्या तासांत सहा जण मिळून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत. हा गेम विकत घेताना त्यात ठरावीक गाड्या आणि ठरावीक रस्ते मिळतात. पण जगभरचे हौशी लोक घरी बसून आणखी गाड्या, आणखी रस्ते बनवतात आणि इंटरनेटवर ठेवतात. त्यांना मॉड म्हणतात. उतरवून घ्यायचं, गेममध्ये बसवायचं, की नवी गाडी दारात उभी. समुद्रात इंटरनेट नावापुरतं, म्हणून सहा जणांसाठी उतरवून नेण्याचं काम भाऊजींकडे होतं. आणि रत्नागिरीत पाऊल ठेवल्यापासून ते दुसरं काही करत नसत. आंघोळीला जाताना एक मॉड लावून जायचे, बाहेर आल्यावर ओल्या डोक्याने आधी ते उतरलं का बघायचे. "वहिनी, आली! एकोणीसशे सत्तरची आहे, आवाज ऐका!" मी पोळ्या लाटता लाटता त्या गाडीचा आवाज ऐकायची. खोटं कशाला बोलू, आवाज चांगला असायचा.

मी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. किती माल आला, किती गेला, किती जागा अडवून बसलाय, हेच माझं काम. त्यामुळे लॅपटॉप माझ्यासमोर आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो एकूण जागेचा. खोक्यावर पाचशे बारा लिहिलेलं. पडद्यावर चारशे शहात्तर.

"छत्तीस कुठे गेले?" मी विचारलं.

"कंपनी हजाराने मोजते, लॅपटॉप एक हजार चोवीसने. म्हणून कमी दिसतात."

"आमच्याकडे असा माल आला असता तर मी ट्रक परत पाठवली असती."

"म्हणूनच तुम्हाला बसवलंय, वहिनी."

मग हिशेब मांडला. लॅपटॉपच्या स्वतःच्या चालण्याला एकाहत्तर, गेमला बासष्ट, भाऊजींच्या एका खास कामाला पस्तीस, शिल्लक तीन. उरलेले तीनशे पाच जीबी निव्वळ मॉड. त्यातही प्रत्येक गाडी दोनदा. एक गेममध्ये बसवलेली, आणि ती ज्या बंद गठ्ठ्यातून आली तो गठ्ठाही जसाच्या तसा जपून ठेवलेला.

"हे दोनदा कशाला?"

"एक चालू, एक स्पेअर. समुद्रात दुकान नसतं, वहिनी."

हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं. इंजिनरूममध्ये एक वॉशर फुटला तर पुढचं बंदर येईपर्यंत नवा मिळत नाही, म्हणून तिथला माणूस काहीच टाकत नाही. घरी आले तरी ती सवय सुटायची नाही. आमच्या माळ्यावर जुन्या पंख्याचे नटबोल्ट, तुटक्या छत्रीच्या काड्या, मिक्सरचा जळका पट्टा, सगळं त्यांनी साबणाच्या डब्यांत नीट लावून ठेवलेलं. आणि एकदा पाण्याचा पंप अडला तेव्हा त्यातल्याच एका बोल्टने तो चालू झाला, त्यामुळे त्यांना बोलायची सोय उरली नव्हती.

यजमानांनी सुचवलं, "बाहेरची डिस्क घे ना एखादी."

"मागच्या खेपेला नेली होती. जहाजाच्या थरथरीने दीड महिन्यात गेली. सगळं तिच्यात. सहा जण तोंडाकडे बघत बसलो."

"मग थोडं इथे ठेवून जा."

"घरी ठेवलेला स्पेअर समुद्रात काय कामाचा, दादा?"

आता ते खास काम. त्या सुट्टीत भाऊजींनी स्वतःच एक मॉड बनवायला घेतला होता. आमच्या दारावरून शिरगावकडून आरेवाऱ्याला जाणारा रस्ता. जहाजावरचे बाकीचे पाच जण आपापल्या गावच्या गोष्टी सांगत, भाऊजी आरेवाऱ्याच्या. कोणाला खरं वाटेना, तेव्हा ते बोलून बसले, "पुढच्या खेपेला रस्ताच घेऊन येतो. चालवून बघा." हा त्यांनी जहाजावर दिलेला शब्द होता.

त्यासाठी आम्ही दोन महिने प्रत्येक रविवारी स्कूटरवरून तो रस्ता मोजला. भाऊजी पुढे, छातीला मोबाईल बांधलेला, चित्रण चालू. मी मागे टेप घेऊन. थांबायचं, रुंदी मोजायची, वळणाचा उतार मोजायचा, रस्त्याकडेच्या गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, उंची मोजायची. चिऱ्याचा गडगा कुठे किती ढासळलाय तेही मी सांगायची आणि ते टिपायचे. मला यात इतकी गोडी लागली की एका रविवारी यजमानांनी "आज जेवायला काय?" विचारलं तेव्हा मी "साडेपाच मीटर" म्हणाले.

एकदा एका आवाठात, म्हणजे वाडीतल्या वस्तीत, लोक गोळा झाले. टेप दिसला की आमच्याकडे एकच शंका येते, रस्ता रुंद होतोय आणि जमीन जातेय. एक म्हातारबाबा काठी घेऊन आपल्या गडग्यापुढे उभे राहिले. "कोण तुम्ही? सरकारी? माझ्या गडग्याला हात लावायचा नाही!"

भाऊजींनी स्कूटर उभी केली, हेल्मेट काढलं. "काका, सरकारी नाही. गेमसाठी मोजतोय."

"कसल्या गेमसाठी?"

"गाड्यांच्या. जहाजावर खेळायला."

म्हातारबाबांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी विचार करून सांगितलं, "मग गडगा आहे तसा ठेवा. हा वरचा दगड गेल्या पावसात पडलाय, तो मी बसवणार आहे. तो बसवलेला धरा."

"धरला," भाऊजी म्हणाले. आणि खरंच, त्यांनी तो दगड बसवलेला दाखवला. तोवर रस्त्यात एकच गोष्ट खोटी होती, ती ही.

तर हा सगळा रस्ता तुकड्यातुकड्यांनी तयार होता. तो जोडून गेममध्ये चालेल असा एकसंध बांधायचा, की झालं. रविवारी सकाळी त्यांनी बांधणीचं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं: मोकळी जागा हवी नव्वद जीबी.

मी स्टोअरची पद्धत काढली. "वर्षभरात कोणती गाडी एकदाही चालवली नाही ती सांगा. न हलणारा माल आधी बाहेर. गाडीही आणि तिचा स्पेअरही."

ते म्हणाले, "एक अट. काढायच्या आधी प्रत्येकीला एक फेरी."

"कसली फेरी?"

"निरोपाची. न चालवता कशी टाकू?"

मी हो म्हणून चूक केली की काय असं पहिल्या तासात वाटलं. एकेक गाडी बाहेर काढायची, एक फेरी मारायची, गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, मग मी पुसायचं. पुसण्याचं बटण दाबायला त्यांचा हात वळत नव्हता. पण तिसऱ्या गाडीपासून मलाच चढलं. एक पिवळी गाडी होती, तिचं मागचं चाक वळणावर असं काही घसरायचं की मी ओरडले, "मला द्या!" मी ती थेट कुंपणात घातली. यजमान वर्तमानपत्र ठेवून आले. त्यांनी एक जुनी ट्रक चालवली, रिव्हर्समध्येच. "ही ठेवूया," म्हणाले. मी म्हटलं, "मुळीच नाही, साडेतीन जीबी आहे." पुसली. भाऊजींनी तिच्यासाठी भोंगा वाजवला. शेजारच्या काकू खिडकीतून विचारत्या झाल्या, "काय गो, लग्न आहे का घरात?"

दुपारी एकला जेवायची शुद्ध आली तेव्हा मोकळी जागा झाली होती एकसष्ट जीबी. पाहिजेत नव्वद. उरलेल्या गाड्या सगळ्या हलणारा माल, सहा जणांच्या रोजच्या. त्या काढल्या तर रस्ता असेल आणि चालवायला काही नसेल. बरं, निरोपाला वेळही उरला नव्हता.

मग मी उलट बाजूने बघितलं. माल कमी होत नसेल तर खोकं छोटं करता येतं का? "हा रस्ता एवढी जागा का मागतो? यात सगळ्यात जड काय आहे?"

बांधणीत कोणता तुकडा किती जागा मागतो, ते भाऊजींनी उघडलं. झाडं थोडी. घरं थोडी. गडगे, आम्ही एवढे मोजून केलेले, अगदीच थोडे. आणि एका ओळीत, सगळ्यांच्या वर, समुद्र. लाटा, फेस, पाण्यावरचं ऊन, भरतीचा आवाज. बांधणीत एकटा समुद्र चाळीस जीबी मागत होता.

मी म्हणाले, "मग झाडं विरळ करूया. आमच्या बाजूची घरं काढूया, ती कोण बघतंय?"

"समुद्र काढा," भाऊजी म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. "आरेवाऱ्याचा रस्ता आणि समुद्र नाही? लोक लांबून गाड्या करून तो समुद्र बघायला येतात!"

"ते येतात, वहिनी. आम्ही सहा जण आठ महिने तोच बघतो. भांडी घासताना बघतो, दाढी करताना बघतो. त्यांना मी समुद्र दाखवायला नेऊ?" आणि मग बोटाने पडद्यावर एकेक दाखवत गेले. "हा गडगा राहू दे. ही चहाची टपरी राहू दे. हा कुत्रा राहू दे. हे आपलं फाटक, ही तुमची कपड्यांची दोरी राहू दे. समुद्राच्या जागी निळी पट्टी टाका एक."

दोन महिने त्या दोरीवरून माझे त्यांच्याशी वाद झाले होते. चित्रणात दिसते, लाज वाटते, काढा म्हणून. त्या दुपारी मी दोरी राहू दिली आणि बांधणीतून समुद्र पुसला. मोकळी जागा पाहिजे पन्नास, आहे एकसष्ट. बटण दाबलं. एक टक्का, दोन टक्के. बांधणी सुरू झाली.

बासष्ट टक्क्यांवर लाईट गेली.

मे महिन्यात आमच्याकडे लाईट जाते यात नवल काही नाही. नवल हे की वायर लावलेली असूनही सकाळपासूनच्या निरोपांत लॅपटॉपची बॅटरी भरण्याऐवजी उतरतच गेली होती. एकतीस टक्के. बांधणी जोरात चालली की बॅटरी खाली पळते. मध्ये बंद पडली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि बांधणीला लागतात दोन तास. लाईट कधी येणार? वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, "संध्याकाळ धरा."

यजमान म्हणाले, "बाळ्या, गेलं रे तुझं."

"जनरेटर," मी म्हणाले. "आमच्या कारखान्यात जनरेटर आहे. हंगाम आहे, आज चालू आहे. उठा!"

भाऊजी स्कूटरवर पुढे, मी मागे, मांडीवर उघडा लॅपटॉप, वर ऊन लागू नये म्हणून यजमानांनी कोंबलेला टॉवेल. मी टॉवेलखाली डोकं घालून आकडे सांगत होते.

"बांधणी सत्तर! बॅटरी चोवीस!"

काटा तीसवर.

"भाऊजी, जरा दाबा की!"

"वहिनी, पुढे वळण आहे." आणि हात बाहेर काढून इशारा.

"अहो, कोणाला इशारा देताय? रस्ता रिकामा आहे! सत्त्याहत्तर, अठरा!"

"खड्डा आहे, घट्ट धरा."

"तो खड्डा मला माहीत आहे, मी मोजलाय! चालवा!"

आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचं, भाऊजींनी काटा पंचेचाळीसवर नेला. एक सायकलवाला मागे पडला. तो भाऊजींना ओळखत असावा, कारण तो थांबून बघतच राहिला. मी टॉवेलखालून ओरडत होते, "ब्याऐंशी, चौदा! पंच्याऐंशी, अकरा!" शिरगाव गेलं, शहराची हद्द गेली, मिरजोळ्याचा चढ आला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला मी हाक मारली, "उघड रे, उघड!" त्याला वाटलं आग लागली. तो वाळूची बादली घेऊन मागे धावला.

माझ्या टेबलाजवळ वायर लावली तेव्हा बॅटरी चार टक्के होती. बांधणी त्र्याण्णव. भाऊजी रसाच्या डब्यांच्या थप्पीला पाठ लावून खाली बसले. टॉवेलने मान पुसत राहिले. मी म्हटलं, "गेम एवढा खेळता आणि पंचेचाळीसला घाबरता?"

"तिथे मागे वहिनी बसलेल्या नसतात," ते म्हणाले.

शंभर झाले तेव्हा डबे लावणाऱ्या बायका, पहारेकरी, त्याची बादली, सगळे माझ्या टेबलाभोवती जमा झाले होते. भाऊजींनी पहिली फेरी मारली. शिरगावचं वळण आलं, एकदम ओळखू आलं, आणि मी टाळ्या वाजवल्या. टपरी आली. कुत्रा आला. म्हातारबाबांचा गडगा आला, वरच्या दगडासह. मग उतार आला आणि उजवी-डावीकडे बघत एक मावशी म्हणाली, "अगो बाय! हा आरेवाऱ्याचा रस्ता ना? मग समुद्र कुठेय?"

"ओहोटी लागलीय, मावशी," भाऊजी म्हणाले.

सगळा स्टोअर हसला. मी जागा बघितली. बांधणीचा कचरा काढल्यावर रस्त्याचे झाले नऊ जीबी. बावन्न मोकळे राहिले. मी म्हटलं, "आता परत काही उतरवू नका." सोमवारी सकाळी स्टेशनवर गाडी येईपर्यंत त्यांनी मोबाईलवरून तीन गाड्या उतरवल्या.

मग बरेच दिवस काही कळलं नाही. जहाज बंदराला लागलं तेव्हा त्यांचा आवाज आला, मोबाईलवर, मागे क्रेनची घरघर. शर्यत झाली होती. सहा जण, जेवणघरात, पाळीपाळीने एकाच लॅपटॉपवर, घड्याळ लावून.

"वहिनी, मी शेवटचा आलो."

"तुमच्याच रस्त्यावर? तो तर तुम्हाला पाठ आहे!"

"पाठ आहे म्हणून तर. आरेवाऱ्याकडून येताना मीच पुढे होतो, चार सेकंदांनी. मग फाटक आलं."

"कुठलं फाटक?"

"आपलं हो. दोरी दिसली, आणि पायाने आपोआप ब्रेक दाबला. हात बाहेर काढून इशारा पण दिला, जेवणघरात. सगळे हसतायत. मी इंजिन बंद केलं आणि बसलो. कोणी चल म्हणेना. मग एकेक जण उठून पडद्याजवळ आला आणि विचारायला लागला, हे घर कोणाचं, ही साडी कोणाची, आत कोण राहतं. मी सांगत बसलो. घड्याळ चालूच राहिलं."

जहाजावर पैशाची पैज लावायला बंदी, म्हणून त्यांचा नियम असा होता की शेवटच्याने पहिल्याचा एक वॉच भरायचा. भाऊजींनी तो त्याच रात्री भरला. चार तास, इंजिनरूममध्ये, स्वतःच्या चार तासांव्यतिरिक्त. पहिला आला होता केरळचा एक ऑइलर, त्याला ते चार तास मोकळे मिळाले. त्याने त्या वेळात झोप घेतली नाही. भाऊजी वॉचवरून वर आले तेव्हा तो आमच्या फाटकापाशी गाडी लावून बसलेला होता.